पाचवा सेल

खुर्च्या संपल्या तसे लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसले आणि कट्टेही भरले तसे जिन्यात उभे राहिले. फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल एरवी वाढदिवसांना नाहीतर पडद्यांच्या कापडाच्या प्रदर्शनाला भाड्याने जायचा. रविवारी सकाळी मात्र तिथे मेलेली माणसं बोलायची. निदान बोलतात असं सांगितलं जायचं, आणि सांगणाऱ्याचा आवाज गोड असला की आपण लोक ऐकायला एका पायावर तयार असतो.

सांगणाऱ्याला सेतुगुरुजी म्हणत. या तीरावरून त्या तीरावर ते पूल बांधतात म्हणून सेतुगुरुजी. दाढी नाही, जटा नाही. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि इतका हळू आवाज की पुढच्या रांगेतल्यालाही कान द्यावा लागे. हल्लीच्या भोंदूला जटांची गरज पडत नाही. 'ऊर्जा' आणि 'फ्रिक्वेन्सी' हे दोन शब्द जवळ असले की त्याचं भागतं.

टेबलावर एक कॅल्क्युलेटर होता. वाण्याच्या गल्ल्यावर असतो तसला नव्हे. गणिताच्या वर्गात आलेख काढायला वापरतात तो. जुना, करडा, जाडजूड, वर चार बोटं रुंद पडदा. गुरुजींनी तो पालथा केला, मागचं झाकण सरकवलं आणि आतले पेन्सिल सेल एकेक करून बशीत ठेवले. चारही. मग पुढच्या रांगेतल्या निवृत्त बँक मॅनेजरांना उठवून खात्री करून घ्यायला सांगितली. मॅनेजरांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं, खाचेत बोट घालून पाहिलं, बटण दाबून पाहिलं आणि ठार बंद आहे असा निर्वाळा दिला. जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या तपासलेला माणूस तो. त्याचं ऐकून हॉल निश्चिंत झाला.

"देह गेला," गुरुजी म्हणाले. "आता इथं काय उरलं? विज्ञान म्हणेल, काही नाही. पण ऊर्जा नष्ट होत नाही, हेही विज्ञानच म्हणतं ना?"

लोकांनी माना डोलावल्या. ते रिकामं यंत्र मग हातोहात फिरलं. प्रत्येकाने डोळे मिटून त्याला आपली ऊर्जा द्यायची होती, आणि जो तो देत होता. कुणाच्या खिशात मेलेल्या बायकोचं घड्याळ होतं, कुणाच्या पिशवीत बापाचा ट्रान्झिस्टर. हे यंत्र ज्या मेलेल्या पोराचं, त्याचा सेतू पक्का झाला की तुमचेही उघडतील, असं त्यांना सांगून ठेवलं होतं. यंत्र फिरून टेबलावर आलं तेव्हा गुरुजींनी सगळ्यांदेखत पाकीट फोडून कोरे सेल घातले, दोन बटणं दाबली, आणि पडदा माइकजवळच्या कॅमेऱ्यासमोर धरला. भिंतीवर मोठी अक्षरं उमटली. अक्षरं रोमन, शब्द आपले: आई, विचार.

हॉलमधून एक सुस्कारा गेला. पहिल्या रांगेतली एक बाई उठली. मुलगा जाऊन वर्ष होत आलं होतं तिचा.

तिच्या मागे तिसऱ्या रांगेत तिची धाकटी बहीण बसली होती. शाळेत गणित शिकवायची. भाचा बोलायला लागला तेव्हापासून भाच्याबरोबर सगळी गल्लीच तिला मावशी म्हणायची, तर आपणही मावशीच म्हणू. मावशीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, कारण ते मोकळे राहिले असते तर तिने त्या माणसाचं काय केलं असतं ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

ताई टेबलाशी गेली. यंत्राकडे पाहून तिचा चेहरा उजळला, आणि तेच मावशीला सर्वांत सहन होत नसे. ताईने विचारलं, "राजा, डॉक्टर म्हणतात छातीतली गाठ काढायला हवी. ऑपरेशन करू का रे?"

गुरुजींनी बटण दाबलं. भिंतीवर अक्षरं आली: हो.

गुरुजींनी यंत्र खाली ठेवलं. मग मायेने हसले. आईचं मन भीतीने थरथरत होतं, म्हणाले, पोराने भीतीला उत्तर दिलं, प्रश्नाला नाही. मन शांत करा, पुन्हा विचारा. ताईने डोळे मिटून पुन्हा विचारलं. या वेळी आलं: नाही. लगेच गुरुजींनी हात वर केले, बघा म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईच्या छातीतली गाठ तशीच ठेवायची ठरली म्हणून टाळ्या.

ताईला आणखी एक विचारायचं होतं. ऑपरेशनबद्दल नव्हतं ते. तिने यंत्राच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि विचारलं, "तिकडे थंडी वाजते का तुला?" पण तोवर गुरुजींनी यंत्र बंद केलं होतं. तिसऱ्यांदा ते कधीच कुणाला विचारू देत नसत. लेकरू थकतं, म्हणत.

मावशी उठून उभी राहिली. पहिल्यांदा 'हो' आलं होतं, तिने खणखणीत आवाजात सांगितलं. मनासारखं उत्तर येईपर्यंत विचारायचं तर मग विचारायचं तरी कशाला. गुरुजींनी तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. काही लोकांची फ्रिक्वेन्सी जुळत नाही, ते म्हणाले, त्यांच्यावर रागवू नका. लोक हसले. ताईने मागे वळून हातानेच बहिणीला बस म्हणून खुणावलं. ताईच्या खुर्चीशेजारी बसलेले तिचे यजमान, मावशीचे भावोजी, आपल्या बुटांकडे बघत राहिले.

भाच्याचं घरातलं नाव भोपळ्या. पाचवीत असताना गणितात भोपळा घेऊन आला तेव्हापासूनचं. त्या दिवशी मावशीने त्याला पाटीपुढे बसवला, आणि पुढे असा काही फिरला तो, की अकरावीत मावशीलाच गणितं घालायला लागला. शाळेत नवी यंत्रं आली आणि जुने कॅल्क्युलेटर भंगारात निघाले तेव्हा तिने त्यातला एक रीतसर मागून घेतला, पुसला, आतला छोटा सेल नवा घातला आणि त्याला दिला. पोराने जेवणाच्या ताटाशेजारीसुद्धा तो ठेवून घेतला होता.

त्यावर तो छोटे छोटे प्रोग्रॅम लिहायचा. त्यातला एक आईसाठी. ताईचं एक होतं, तिचं कधी काही ठरायचं नाही. पडद्याचे दोन रंग समोर ठेवले तर दुकानदार जेवून परत यायचा तरी ही उभीच. छत्री न्यावी की नको, यावर बस चुकायची. म्हणून पोराने थट्टेने हे लिहिलं: आई, विचार. मनातला प्रश्न बोलायचा, बटण दाबायचं, यंत्र हो नाहीतर नाही म्हणणार. घरात त्यावरून हसून हसून पोटं दुखलेली. ताई लटक्या रागाने म्हणायची, आईला यंत्राच्या हवाली करतोस काय रे मेल्या.

मग एका संध्याकाळी क्लासवरून सायकलने येताना त्याला ट्रकने उडवलं. दप्तर तेवढं धडधाकट घरी आलं. ताईने ते कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप घातलं. ती रडली नाही. सगळ्यांना वाटलं, धीराची आहे. धीर कसला, ती थिजली होती.

कितीतरी महिन्यांनी तिने कपाट उघडलं. कॅल्क्युलेटरमधले सेल फुटून पांढरी भुकटी झाली होती, यंत्र मेलं होतं. का कोण जाणे, तिने खाच पुसून नवे सेल घातले, आणि पडद्यावर तेच आलं. आई, विचार. आता सांगा, तुमचं काय झालं असतं? सेल कुजले, यंत्र महिनोन् महिने मेलेलं, आणि नवा सेल घालताच पोटचं पोर आई म्हणून हाक मारतं. तिने शेजारणीला दाखवलं. शेजारीण सेतुगुरुजींकडे जात असे. पुढचं सांगायला नको.

मावशीने पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. यंत्र पालथं करून खाचेच्या कडेला छोट्या स्क्रूने बसवलेली पट्टी दाखवली होती. त्या पट्टीखाली कोटाच्या बटणाएवढा एक सेल असतो. मोठे चार सेल बदलताना लिहिलेलं पुसलं जाऊ नये म्हणून हा पाचवा. याला पडदा उजळायचा नसतो, नुसती आठवण धरून ठेवायची असते, म्हणून तो वर्षानुवर्षं पुरतो. "मीच घातलाय तो ताई, त्याला देताना," ती म्हणाली होती.

ताईने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला तो नकोच आहे का गं?"

त्यानंतर दोघी बहिणींचं बोलणं तुटल्यात जमा होतं. मावशी जायची, ताई चहा द्यायची, आणि यंत्राचा विषय निघाला की आतल्या खोलीत जायची. पालथ्या घड्यावर पाणी.

गाठ सापडली ती त्यानंतर. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. लहान आहे, लवकर लक्षात आलंय, महिन्याच्या आत काढून टाकू, म्हणाल्या, आणि तारीखही दिली. ताई म्हणाली, विचारून सांगते. डॉक्टरीणबाईंना वाटलं, नवऱ्याला विचारेल.

गुरुजी ताईकडून काही घेत नसत, हेही सांगायला हवं, कारण लोक त्याचंच कौतुक करायचे. अहो, घेतील कशाला? ती त्यांची जाहिरात होती. दर रविवारी तिचा उजळलेला चेहरा पाहून बाकीचे पैशाच्या पिशव्या सोडत. ती दवाखान्यात जाऊन पडली असती, तर रविवारचा खेळ कुणावर करायचा? तारीख गेली. दुसरी दिली, तीही गेली. ताई बारीक होत चालली होती आणि दर रविवारी हसत होती.

एके दुपारी शाळा सुटल्यावर भावोजी गणिताच्या खोलीत आले. ताई गोळी घेऊन झोपली होती आणि यांनी तिच्या उशीखालून यंत्र काढून आणलं होतं. त्यांनी ते बाकावर ठेवलं. मग म्हणाले, डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला बोलावलं होतं. गाठ वाढलीय. इतके दिवस गप्प का बसलात, असं ती म्हणणार होती, पण त्यांच्याकडे बघून तिला ते बोलवेना. ते सांगत होते, वर्षभर घरात कुणी हसलं नव्हतं, रविवारी ती हसायची, मी काय म्हणून थांबवणार होतो.

मावशीने प्रोग्रॅम उघडला. भाच्याने लिहिलेलं ती पहिल्यांदाच आतून वाचत होती. लहानसंच होतं. यंत्राने एक आकडा मनाने उचलायचा, अर्ध्याच्या वर असला तर हो, खाली असला तर नाही. नाणं उडवण्याचाच प्रकार. पण खाली आणखी दोन ओळी होत्या. एका बैठकीत, म्हणजे यंत्र मध्ये बंद न करता, तिसऱ्यांदा विचारलं, तर 'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही. पडद्यावर लिहून यायचं: आई, आता तूच ठरव.

ते वाचून मावशी खिडकीशी जाऊन उभी राहिली. पोराला आईची खोड पुरती माहीत होती. दोनदा विचारून जिचं ठरत नाही, ती तिसऱ्यांदा विचारणारच. आणि त्या इस्त्रीच्या शर्टवाल्या गुरुजीलाही या ओळी माहीत होत्या. म्हणून तिसऱ्यांदा कुणी विचारायचं नाही, म्हणून लेकरू थकतं.

भावोजींना तिने समजावून सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांचं मन भलतीकडेच धावलं होतं.

"हे बदलता येतं?" त्यांनी विचारलं. "नेहमी 'हो'च येईल असं? तू बदल. ती उद्या ऑपरेशनला उभी राहील. कशाला कुणाचा चमत्कार मोडायचा?"

एका आकड्याचं काम होतं. मावशीने ते करूनही पाहिलं. ऑपरेशन करू का? हो. आणखी एकदा? हो. भावोजींनी तोंडावर रुमाल धरला. बहिणीचा जीव एका खोट्या 'हो'वर वाचत असेल तर कुठली बहीण मागे हटेल, तुम्हीच सांगा. मावशीनेही यंत्र त्यांच्या हातात देऊ केलं होतं. मग तिने ते परत ओढून घेतलं.

"आज मी 'हो' म्हणायला लावीन," ती म्हणाली. "पण रविवारी ते त्या गुरुजीच्या हातात असणार. ऑपरेशननंतर औषधं आहेत, तपासण्या आहेत. तो एकदा 'नाही' म्हणायला लावील आणि ताई ऐकेल. भावोजी, मला तिला त्या यंत्रातून सोडवायचंय."

तिने आकडा होता तसा केला. मग कपाटातून शाळेचा त्याच जातीचा जुना कॅल्क्युलेटर काढला आणि भाच्याचा प्रोग्रॅम अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घेतला.

पुढच्या रविवारी भावोजींनी गुरुजींना सांगितलं, मेहुणीला दोन शब्द बोलायचेत. गुरुजींना वाटलं, शरण आली. विज्ञानालाही इथे जागा आहे, असं मोठ्या मनाने म्हणून त्यांनी माइक तिच्यापुढे सरकवला.

मावशीने शाळेचं यंत्र काढलं. त्यावर तिने स्वतःचंच नाव लिहून ठेवलं होतं: मावशी. चार सेल काढले, मॅनेजरांना तपासायला दिले, पुन्हा घातले. भिंतीवर आलं: मावशी.

"मी तर जिवंत आहे," ती म्हणाली, "मग हे कोण आलं?"

मागच्या रांगांत हशा पिकला. तिने छोटी पट्टी उघडून पाचवा सेल सगळ्यांना दाखवला, मॅनेजरांच्या तळहातावर ठेवला. मोठे चारही पुन्हा काढले. आता जरा थांबावं लागतं, तिने सांगितलं, आणि तेवढ्या वेळात आठवण धरून ठेवण्याची ती सगळी रचना वर्गात सांगावी तशी सांगितली. मग सगळे सेल घातले. पडदा कोरा आला. नाव पुसलेलं. मॅनेजर आपल्या तळहाताकडे बघत राहिले. मी बोट घातलं होतं, ते पुटपुटले, पण तिकडे स्क्रू आहे हे बघितलंच नव्हतं.

गुरुजी मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते उठले, ताईच्या मांडीवरचं यंत्र अलगद घेतलं आणि मावशीच्या हातात ठेवलं.

"तुमचं ते यंत्र. यात जीव आहे," ते म्हणाले. "काढा याचाही सेल. मी अडवत नाही. तुमचाच भाचा आहे."

हिशोब बरोबर होता त्यांचा. मावशीने स्क्रूड्रायव्हर पट्टीवर टेकवला आणि तिचा हात चालेना. एकूण एक अक्षर वहीत उतरवून घेतलेलं होतं. काहीसुद्धा हरवणार नव्हतं. हे तिला जितकं ठाऊक होतं तितकं त्या हॉलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ही अक्षरं त्याच्या बोटांनी दाबलेली होती, आणि बोटं आता नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे पडदा धूसर झाला. कुणीतरी मागून म्हणालं, बघा, आतून हीसुद्धा मानते. हॉलमध्ये कुजबुज वाढली. मावशी हरल्यासारखी उभी होती.

ताई उठली आणि तिने बहिणीच्या हातातून यंत्र घेतलं. मी विचारते त्याला, म्हणाली. बटणं तिला पाठ झाली होती.

"काढू का रे?" नाही, आलं.

"तुझी मावशी खोटं बोलत नाही रे कधी. काढू का?" पुन्हा नाही.

गुरुजींचा हात पुढे आला. लेकरू थकतं, असं ते म्हणेपर्यंत भावोजींनी ते मनगट पकडलं होतं. आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेला माणूस, पण ती पकड गुरुजींना सुटेना. ताईने तिसऱ्यांदा बटण दाबलं.

भिंतीवर आलं: आई, आता तूच ठरव.

हॉल हलला. बायका रडायला लागल्या. कुणी हात जोडले, कुणी खुर्चीवर चढून पाहू लागलं. मॅनेजरसुद्धा चष्मा काढून डोळे पुसत होते. इतका मोठा चमत्कार त्या हॉलमध्ये कधी झाला नव्हता. ताई मात्र भिंतीकडे पाहत नव्हती, बहिणीकडे पाहत होती.

"हे तू केलंस?"

भावोजी बायकोच्या खांद्यावरून मावशीकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे स्पष्ट सांगत होते: नाही म्हण, तो बोलला म्हण. मावशीला कळत होतं की नुसती मान हलवली तरी ताई उद्या सकाळी दवाखान्यात जाईल.

"मी नाही. त्याने लिहिलंय," ती म्हणाली. "जिवंत असताना. तुझी थट्टा करायला. तिसऱ्यांदा विचारलं की हेच येतं ताई. कुणीही विचारलं तरी."

ताईने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. काहीतरी पुटपुटून तीनदा बटण दाबलं. आई, आता तूच ठरव. मग तिने ते मॅनेजरांना दिलं. त्यांनी विचारलं, तिसऱ्या खेपेला तेच आलं. ट्रान्झिस्टरवाल्याने विचारलं, तेच. खुर्चीवर चढलेले हळूहळू खाली उतरले. मागेल त्याला, दर तिसऱ्या खेपेला, नेमकं तेच येत होतं, आणि बघता बघता हॉलमधल्या लोकांना एकमेकांकडे बघायची लाज वाटायला लागली.

"तुम्हाला हे माहीत होतं," ताई गुरुजींना म्हणाली. "म्हणून तिसऱ्यांदा विचारू देत नव्हता."

गुरुजी पोराच्या फ्रिक्वेन्सीबद्दल काही बोलले, पण या वेळी त्यांचा हळू आवाज कुणी कान देऊन ऐकला नाही. ते मागच्या जिन्याने केव्हा गेले तेही कुणाला कळलं नाही. परवा ऐकलं, दुसऱ्या एका गावात कुणा मेलेल्या शिंपिणीचं शिलाई मशीन बोलतं म्हणे.

ताईने बहिणीकडे स्क्रूड्रायव्हर मागितला. मावशी म्हणाली, राहू दे आता, कळलं ना सगळ्यांना. ताई म्हणाली, त्यांना कळलं, मला कळायचंय. तिने स्वतःच स्क्रू काढला. पाचवा सेल काढला, मग एकेक करून चारही. आणि यंत्र मांडीवर घेऊन बसली. बराच वेळ बसली. कुणी तिला आता पुरे म्हणालं नाही. मग तिने सगळे सेल घातले आणि बटण दाबलं. पडदा कोरा होता, कोपऱ्यात एक काळा ठिपका लुकलुकत होता. तिने प्रोग्रॅमचं बटण दाबलं. तिथे काही नव्हतं.

"गेला गं तो," ताई म्हणाली.

वर्षभरात हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. मग ती रडली. आपलं माणूस आज, आत्ता गेल्यावर रडतात तशी रडली. मावशीने तिला धरून ठेवलं, भावोजींनी दोघींना, आणि हॉलमधले लोक आपापल्या पिशव्या घेऊन हळूच जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी ताई दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी जोखीम समजावून सांगितली आणि संमतीसाठी भावोजींकडे पाहिलं. ताई म्हणाली, मी ठरवलंय, मला विचारा. ऑपरेशन झालं. पण गाठ आता एकटी राहिलेली नव्हती, ती पसरली होती.

पुढच्या वर्षीची शाळा सुरू व्हायच्या सुमारास ताई पलंगाला खिळली. मावशी रोज दुपारी जाऊन बसायची. एके दिवशी भावोजी औषध आणायला गेले असताना ताईने विचारलं, "मी पहिल्याच तारखेला गेले असते तर वाचले असते का गं?"

मावशीला या प्रश्नाची फार दिवस भीती होती. रात्र रात्र जागून तिने त्याची गोड उत्तरं जुळवून ठेवली होती. पण ताई तिच्याकडे टक लावून बघत होती, आणि तिच्याशी खोटं न बोलणारं माणूस आता मावशी एवढंच उरलं होतं.

"हो," मावशी म्हणाली. "बहुतेक वाचली असतीस."

ताईने मान हलवली. बरं झालं सांगितलंस, म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, माझी गोष्ट लोकांना सांग, पण मला वेडी ठरवून सांगू नकोस. मी वेडी नव्हते. मला माझं पोर हवं होतं, आणि त्या माणसाने तेवढंच ओळखलं होतं.

ताई गेली. मावशी आता जिथे चार माणसं जमतील तिथे हे सांगते, शाळेत, सभेत, दवाखान्याच्या बाकावर सुद्धा. कुणाच्या दुःखाला ती हसत नाही. आपल्या माणसाच्या वस्तू जपा, म्हणते, त्यांना कुरवाळा, त्यांच्याशी बोला, हवं तितकं रडा. पण वस्तू उत्तर देते असं कुणी म्हणालं, तर ती पालथी करून बघा, आणि दाखवणारा जे करू देत नाही तेच आधी करून बघा. ज्याच्यात खरं असतं त्याला तिसऱ्या प्रश्नाची भीती नसते. आणि डॉक्टरांनी तुमच्या घरात कुणाला तारीख दिली असेल, तर हात जोडून सांगते, त्या तारखेला जा.